नवव्या कागदावरच्या दोन तारा

हॅलम, मिनेसोटा
११ मार्च १९८५

अर्डिस,

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. मलाही काही झालेलं नाही, एक गुडघा सोडला तर.

तुझा ट्यूसानचा पत्ता जॉइसकडून मिळाला. सहज नाही दिला तुझ्या बहिणीने. मी फोन धरून इतका वेळ गप्प बसलो की तीच कंटाळली आणि म्हणाली, "घे बाबा, लिहून घे, मला भांडी घासायची आहेत." तुझा फोन नंबरही मागितला. तर म्हणते, "आधी पत्ता पचव." तुमच्या घराण्यातल्या बायकांच्या जिभेला धार लावायला कानस लागत नाही.

इकडे अजून बर्फ आहे. डेअरीतून मी गेल्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झालो. इतकी वर्षं त्यांची यंत्रं दुरुस्त केली, म्हणून निरोपाला त्यांनी चीजचा एक अख्खा गड्डा दिला, माझ्या डोक्याएवढा. एकट्या माणसाने तो कसा संपवला हे विचारू नकोस. अजून संपलेला नाही.

पत्र लिहायचं कारण असं की विमान आता तारांपाशी आलंय. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो "बरं" म्हणेल आणि हवापाण्यावर येईल. तुला सांगितलं तर तुला निदान कळेल तरी. आवडणार नाही, पण कळेल. सांगाडा झाला, शेपूट झाली, इंजिन बसलं. राहिल्या त्या बसणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून पंखांपर्यंत जाणाऱ्या पोलादी तारा. दांडा हलवला की तारा ओढल्या जातात आणि पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा वरखाली होतात. विमान डावीकडे कलायचं की उजवीकडे, ते त्यांच्यावर. बाकी काहीही कमीजास्त झालं तर चालतं. या तारांचं चालत नाही.

शेपटीच्या तारा आपण दोघांनी ओढल्या होत्या, आठवतं? तू पुढून सोडत होतीस, मी मागून ओढत होतो, आणि मध्ये कुठे अडकलं की तू "थांब" म्हणायचीस. आता "थांब" म्हणायला कोणी नाही. तार पुलीवरून घसरली की खण्णकन आवाज होतो, त्यावरून मला कळतं.

शेपटीतल्या प्रत्येक नटावर तुझ्या नेलपॉलिशची लाल रेघ अजून आहे. एकीलाही तडा गेलेला नाही, म्हणजे एकही नट जागचा हललेला नाही. ती बाटली मात्र सुकली. मी औषधाच्या दुकानातून नवी आणायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणासाठी हवंय?" मी म्हटलं, "विमानासाठी." तिने सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले. रंगही तुझा नाही मिळाला. हा जरा नारिंगीकडे जातो.

नकाशाचा नववा कागद, तारांचा, अजून स्वयंपाकघरात सिंकच्या वर आहे, तू भांडी घासायचीस तिथे. खरं म्हणजे तो आता शेडमध्ये न्यायला हवा. पण मला तो तोंडपाठ आहे, आणि तो काढला की मागची भिंत दिसेल. तू रंगवलीस तेव्हा ती भिंत पिवळी होती. आता बाकीच्या भिंतीचा रंग कोणता म्हणायचा ते मला सांगता येणार नाही. तेव्हा कागद राहू दे तिथेच.

उत्तराची सक्ती नाही. पण टपालपेटी रस्त्यापलीकडे आहे आणि डॉक्टरने गुडघ्याला रोज चालायला सांगितलंय, तेव्हा मी तसाही जातोच.

ऑरिन


२८ एप्रिल १९८५

अर्डिस,

तुझं उत्तर आलं नाही. टपालवाला नवा आहे आणि कधीकधी आपलं टपाल शेजारच्या हॉगनच्या पेटीत टाकतो, म्हणून हॉगनकडेही विचारून आलो. त्याच्याकडे फक्त बियाण्यांची जाहिरात होती.

तुला वाटेल, हा आता मुद्दाम रडगाणं गाणार. मुळीच नाही. मी खुशीत आहे. तारा बसल्या!

एकट्याने बसवल्या. सगळ्यांत मोठी अडचण ही की तारा जातात बसायच्या जागेच्या खालून, आणि खाली पाठीवर झोपून हात वर करून काम करायचं तर माझा खांदा एक दिवस चालतो आणि दोन दिवस संप करतो. मग मी काय केलं, पंख लागायच्या आधी अख्खं धडच पालथं घातलं. शेडच्या तुळईला गवताच्या गठ्ठ्यांचा जुना दोर-गाडा आहे ना, त्याला टांगलं, हळूहळू वळवलं आणि लाकडी घोड्यांवर पोट वर करून ठेवलं. एखादी गाय औषध पाजायला पाडावी तसं. आता सगळं कमरेच्या उंचीवर. उभं राहून, चष्मा पुसत, कॉफी पीत काम.

डाव्या पंखाकडे जाणाऱ्या तारेला लाल पट्टी, उजवीकडच्या तारेला हिरवी. दांड्याच्या बुडाशी तार अडकवायला दोन कान आहेत; लाल टोक डाव्या कानाला, हिरवं उजव्या कानाला. तांब्याच्या नळ्या दाबून टोकं पक्की केली आणि मापाने तपासली. ताणायचे फिरकीचे जोड बारीक तारेने आवळले, आपोआप उलगडू नयेत म्हणून. प्रत्येक नटावर रेघ ओढली. नारिंगी, पण रेघच.

एक गंमत सांगतो. बसायच्या जागेखाली दोन्ही तारा एकमेकींवरून जातात आणि जरा घासत होत्या. घासणं वाईट. तार धाग्याधाग्याने झिजते आणि एक दिवस तुटते. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग तुझी पाव कापायची पांढरी प्लॅस्टिकची फळी आठवली. तू नेली नव्हतीस, तेव्हा ती माझी असं मी धरलं. तिचा हाताच्या मुठीएवढा ठोकळा कापला, त्यात एकाखाली एक अशा दोन खाचा पाडल्या, आणि दोन तारांच्या मधे बसवला. आता एक वरच्या खाचेतून जाते, एक खालच्या. लोण्यासारख्या सरकतात. हा ठोकळा नकाशात नाही, माझ्या डोक्यातला आहे. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तूच पहिली.

पाव आता ताटातच कापतो. ताटाला चरे पडतात, पण ताट बघायला येतं कोण?

पोटावर कापड चढवायला घेतलंय. लाखेचा वास सगळ्या अंगणात पसरतो. शेडमध्ये करतोय, घरात नाही. तेवढं लक्षात घे.

ऑरिन


१५ जून १९८५

अर्डिस,

पंख लागले. विमान सरळ उभं आहे, दोन्ही पंखांनिशी, आणि शेड अचानक लहान वाटायला लागलीय.

डावा पंख तोच, जो बैठकीच्या खोलीत होता. त्याची एक गोष्ट अजून गावात चालते. पाद्री साहेब परवा दुकानात भेटले तर कपाळाला हात लावून म्हणाले, "ऑरिन, तुझा पंख अजून दुखतो हं!" तुझ्या आईला पुरून आलेली चाळीस माणसं हातात कॉफी आणि मांस-बटाट्याच्या गरम हॉटडिशच्या ताटल्या घेऊन त्या पंखाखालून वाकून स्वयंपाकघरात गेली होती, आणि पाद्री साहेबांचं कपाळ त्यावर आपटलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं की लाख ओली आहे, आत्ता हलवता येणार नाही. तू काहीच बोलली नव्हतीस. त्यानंतर दोन आठवडे काहीच बोलली नव्हतीस, आणि मग गेलीस.

तू गेल्यावर त्याच वसंतात मी तो बाहेर काढला. खिडकी चौकटीसकट काढावी लागली, एवढंच. अर्धा तास लागला. हॉगनने बाहेरून धरला.

असो. आजची गोष्ट. मी आत बसलो, दांडा हलवला. झडपा हलल्या! कुठे अडकत नाहीत, कुठे कुरकुरत नाहीत. मी मागे वळून डावी बघितली, मग उजवी बघितली, मग पुन्हा डावी. संध्याकाळपर्यंत हेच. जेवायला उठलो नाही. पंधरा वर्षं जे लोखंड आणि लाकूड होतं ते माझ्या हाताच्या इशाऱ्यावर हलत होतं, अर्डिस. तिथे बसून मला रडू आलं हे तुला सांगायला हरकत नाही. तू पूर्वी बघितलंयस.

सरकारी तपासनीस सप्टेंबरमध्ये येणार आहे. त्याच्या सहीशिवाय उडायचं नाही हे मला माहीत आहे. पण गवतावर धावायला सही लागत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी, वारा पडलेला असेल तर, मी हॉगनच्या माळावर धाव घेणार आहे. आणि धावता धावता चाकं जरा उचलली गेलीच, तर बघायला फक्त हॉगनच्या गायी आहेत.

तुला प्रश्न पडेल तो मला माहीत आहे. पोट बंद करण्याआधी दुसऱ्या कोणी हात फिरवला का? इथल्या विमानं बांधणाऱ्यांची रीत तुलाही पाठ आहे: आपलं विमान आपण तपासायचं नसतं. दुसऱ्याने आत बसायचं, बांधणाऱ्याने पंखाशी उभं राहून झडपेवर हात ठेवायचा. इथे आसपास असा दुसरा एकच आहे, वेंडेल. तो मे महिन्यात फाटकापर्यंत आला होता. गाडीतूनच म्हणाला, "पोट बंद करायच्या आधी बघून जाऊ का?" मी म्हटलं, "गरज नाही." तो म्हणाला, "रीत आहे, ऑरिन." मी म्हटलं, "रीत शेजाऱ्यांची असते."

तुला फार्गोच्या बसवर ज्याने सोडलं, तुझी ट्रंक ज्याने उचलली आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही, त्याला मी माझ्या विमानात बसवू? त्यापेक्षा हॉगनची गाय बसवीन.

मी स्वतः शंभरदा तपासलंय. शनिवारचं कळवीन.

ऑरिन


२० जून १९८५, गुरुवार

अर्डिस,

हे पत्र तुला काय म्हणून लिहू? सकाळपासून तीनदा सुरू केलं. सरळ जे झालं ते सांगतो.

मी शेडमध्ये चाकांत हवा भरत होतो. वेंडेलची गाडी आली. फाटकाशी थांबली नाही, थेट आत. तो उतरला, हातात बायकोने दिलेलं, फडक्यात गुंडाळलेलं ताट.

"लव्हॉनने केक दिलाय. रुबार्बच्या आंबट देठांचा."

"ठेव तिथे."

"मी पण आलोय."

"दिसतंय."

"जरा बसू का?"

"खुर्ची मोडलीय."

"खुर्चीत नाही. विमानात."

मी पंप खाली ठेवला. म्हटलं, "वेंडेल, तुझं पोट मावेल एवढी जागा त्यात ठेवलेली नाही." तो म्हणाला, "पोटाचं मी बघतो. तू पंखापाशी जा." आणि माझी परवानगी न घेता वर चढायला लागला. त्याचा पाय पंखाच्या टेकूवर पडेल म्हणून मी ओरडलो, "तिथे नको, मेल्या, कडेवर पाय दे!" आणि मग तो आत बसलेलाच होता. एकदा माणूस आत बसला की त्याला बाहेर कसं ओढणार? मला वाटलं, करू दे याच्या मनासारखं, दोन मिनिटांत जाईल.

मी डाव्या पंखाशी गेलो. झडपेवर तळवा ठेवला, रीतीप्रमाणे.

"डावीकडे घेतोय," तो म्हणाला.

दांडा डावीकडे नेला की डावी झडप वर यायला हवी. माझ्या तळव्याला ती वर ढकलणार, म्हणून मी हात सैल ठेवला होता. ती खाली गेली. हाताखालून निघून गेली, आणि हात तसाच हवेत राहिला.

"कुठे गेली?" वेंडेलने विचारलं.

मी हात खाली घेतला.

"ऑरिन, कुठे गेली?"

"खाली."

"पुन्हा बघ. डावीकडे." पुन्हा खाली. "आता उजवीकडे." वर.

त्याने दांडा मधे आणून सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या काचेतून शेडच्या दाराकडे बघत बसला. उतरायची घाई केली नाही. मला त्याचे उपकार वाटले, कारण त्या क्षणी माझा चेहरा त्याने बघू नये असं मला वाटत होतं.

शनिवारी मी धाव घेतली असती. चाकं उचलली असती. मला मी ओळखतो, मी उचललीच असती. एक पंख वाऱ्याने जरा कलला असता, मी सावरायला दांडा दुसरीकडे नेला असता, आणि विमान आणखी कललं असतं. मी आणखी नेला असता. हॉगनला आवाज गेला असता. एवढंच.

"तू हलवून बघितलं नव्हतंस?" वेंडेलने विचारलं.

"शंभरदा."

"मग?"

"हलत होत्या."

त्याने मान डोलावली. हसला नाही. म्हणाला, "मी एकदा पेट्रोलच्या टाकीत फडकं विसरलो होतो. तेव्हा माझं विमान तपासायला आलेल्या हॅरल्डने काढलं." हे त्याने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

मग तो उतरला, गुडघ्यावर थापा मारून "बरं, मग" म्हणाला, जायला निघाल्यासारखा, आणि गेला नाही. केकवरचं फडकं काढलं. मी म्हटलं, "थांब, घरातून सुरी आणतो." तो म्हणाला, "सुरी आण, पण कापणार कशावर? पाव कापायची फळी तर तू विमानात घातलीस."

अर्डिस, मी दारातच उभा राहिलो. त्या फळीचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

वेंडेलच्या लक्षात आलं तो काय बोलून गेला ते. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "तिने सांगू नको म्हटलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं. तू काल संध्याकाळी त्यांच्याकडे फोन केलास. लव्हॉनने उचलला, तर तू "कशी आहेस" न विचारता म्हणालीस, "वेंडेलला दे." आणि त्याला विचारलंस, "ऑरिन लिहितो ते खरं का? त्याचा ठोकळा तू बघितलाच नाहीस?" तो म्हणाला, "कसला ठोकळा? मला तो फाटकाच्या आत घेत नाही." मग म्हणालीस, "एप्रिलमध्ये वाचलं तेव्हा मी गप्प बसले, कारण मला वाटलं रीतीप्रमाणे तू बघशीलच. वेंडेल, नवव्या कागदावर त्या दोन तारा एकमेकींना कुठे भेटतच नाहीत. मग घासतील कशा? वर्षानुवर्षं भांडी घासताना तो कागद माझ्या नाकासमोर होता. त्याने विमान पालथं घालून काम केलंय. पालथ्या विमानाचा डावा कान त्याच्या उजव्या हाताला येतो. उद्याच्या उद्या जा आणि आत बस."

वेंडेल म्हणे, "तो मला बसू देणार नाही." तू म्हणालीस, "लव्हॉनला केक करायला सांग."

खरं आहे सगळं. मी पालथ्या धडाच्या शेपटीकडे उभा होतो, आणि दांड्याचा जो कान माझ्या डाव्या हाताला आला त्याला डावा म्हटलं. पंखांकडची टोकं मात्र बरोबर बाजूंना गेली होती, कारण तिथे डावं-उजवं लिहिलेलं होतं. तारा एकमेकींवर आल्या, तेव्हा त्या मला सांगत होत्या की चूक झालीय, आणि मी त्यांच्या मधे तुझी फळी घातली. वर त्याचा तोरा मिरवला. तो कागद दहा पावलांवर होता, पण भिंत दिसेल म्हणून मी तो काढला नाही.

वेंडेल गेल्यावर मी तो काढला. पिनांना गंज चढला होता. खाली तुझा पिवळा रंग तसाच आहे, नव्यासारखा. मी कागद टेबलावर ठेवून पोटावरचं कापड कापायला शेडमध्ये गेलो. एप्रिल-मेमधली सगळी मेहनत पट्टीपट्टीने फाडून काढली आणि मला एका गोष्टीचंही वाईट वाटलं नाही, कारण दिवसभर माझ्या डोक्यात एकच होतं.

तू माझी पत्रं वाचतेस.

ऑरिन


६ ऑक्टोबर १९८५

अर्डिस,

काल उडालो.

मधे तीन महिने पत्र लिहिलं नाही कारण आता तू वाचतेस हे माहीत होतं. तू वाचत नाहीस असं समजून लिहिणं सोपं होतं.

तारा पुन्हा बसवल्या, विमान सरळ ठेवून, पाठीवर झोपून. खांद्याने संप केला तेव्हा वेंडेल आला. पुढून तार सोडायला तो, मागून ओढायला मी. तो "थांब" म्हणत नाही, "होऽऽ" म्हणतो, बैलाला म्हणावं तसं. चालतं. सगळं झाल्यावर त्याने आत बसून दांडा हलवला आणि मी पंखाशी उभा राहिलो. डावीकडे म्हणाला, आणि झडपेने माझा हात वर ढकलला. मग तोच म्हणाला, "आणखी एकदा." आम्ही एकदा, दोनदा नाही, जेवायची वेळ होईपर्यंत तेच करत बसलो. लव्हॉन बोलवायला आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघे म्हातारे काय पाळणा हलवताय का?"

तपासनीस सप्टेंबरात येऊन सही करून गेला. काल वारा नव्हता. हॉगन, लव्हॉन, पाद्री साहेब, सगळे माळाच्या कडेला. पाद्री साहेबांनी प्रार्थना म्हटली ती जरा जास्तच लांब होती, जणू मला पुरायलाच आलेत.

उडताना काय वाटलं ते तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. आधी भीती. मग चाकांची खडखड थांबली, आणि मी दांडा डावीकडे अगदी केसभर नेला, आणि डावा पंख खाली गेला. जायला हवा तसा. मी मोठ्याने "गेला!" म्हटलं. आणि शेजारी वळलो.

पहिले चाळीस तास शेजारी कोणाला बसवायची परवानगी नसते. एकट्यानेच उडवायचं. रिकाम्या खुर्चीचा पट्टा आवळून बांधून टाकावा लागतो, नाहीतर सुटं टोक दांड्यात अडकतं. उडण्याआधी मी तो स्वतः बांधला होता. तरी वळलो.

वरून आपलं घर दिसलं. स्वयंपाकघराचा दिवा मी सकाळी विसरलो होतो, तो चालू होता. एवढ्या वरून बघितलं तर कोणालाही वाटेल, घरात कोणीतरी आहे.

मी फार वेळ थांबलो नाही. उतरलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कॉफी झाली, मग सगळे आपापल्या घरी गेले. मी शेडचं दार लावलं, आणि संध्याकाळ फार मोठी झाली. पंधरा वर्षं मला वाटत होतं की हे विमान उडालं की सगळं होईल. उडालं. मी घरात येऊन दोन कप काढले, आणि एक परत ठेवला.

या पार्सलमध्ये तुझ्या फळीचा ठोकळा आहे. त्याला विमानात काही काम नाही, कारण आता त्या तारा एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. खाचा बघ. काम चुकीचं होतं, पण खाचा सुबक आहेत हे तुला मान्य करावं लागेल. उरलेल्या फळीवर मी पुन्हा पाव कापतो.

चाळीस तास व्हायला पुढचा उन्हाळा उजाडेल. इथे बर्फात उडता येत नाही. मग शेजारच्या जागेवर माणूस बसवता येईल. तुला उंचीची भीती वाटते हे माहीत आहे. तुला या विमानाचा राग आहे हेही माहीत आहे, आणि तो विमानाचा नाही हेसुद्धा. मी तुला ये म्हणत नाही. म्हणजे, म्हणतोच आहे.

तू वेंडेलला फोन केलास. माझा जीव वाचवलास आणि त्याला सांगू नको म्हणालीस. अर्डिस, आपल्या घरचा नंबर तोच आहे. फोनही तोच, सिंकच्या बाजूला, पिवळ्या भिंतीवर. तुला यायचं नसेल तर नको येऊस. पण ते "नाही"सुद्धा वेंडेलला सांगू नकोस. मला सांग.

ऑरिन